अ‍ॅरिझोनातील घरगुती ऊर्जा सवलती व सौर करसवलत

अ‍ॅरिझोनातील घरगुती ऊर्जा सवलती व सौर करसवलत ह्या शीर्षकाखाली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना ह्या वाळवंटी राज्यात घरमालकांना उपलब्ध असलेल्या, तसेच अलीकडे बंद झालेल्या, आर्थिक साहाय्याच्या योजनांचा समावेश होतो. छतावरील सौर पॅनेल, विजेची साठवण करणारी बॅटरी, उष्णता पंप, घराचे उष्णतारोधन आणि तत्सम सुधारणा ह्यांचा खर्च कमी व्हावा, हा त्यांचा हेतू होय. हे साहाय्य प्रामुख्याने तीन मार्गांनी मिळते : प्राप्तिकरातून वजा होणारे टॅक्स क्रेडिट, खरेदीच्या वेळीच किमतीतून कमी होणारी रक्कम म्हणजे रिबेट, आणि वीज कंपनीच्या दररचनेतून मिळणारा लाभ. ह्यांतील सर्वांत मोठा आधार, म्हणजे घरगुती सौर यंत्रणेच्या खर्चावर मिळणारे ३० टक्के संघीय क्रेडिट, ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी संपुष्टात आला. राज्याचे स्वतःचे क्रेडिट व काही करमाफी मात्र त्याहून वेगळ्या कायद्यांवर आधारलेल्या आहेत.

पार्श्वभूमी

अ‍ॅरिझोनाचा दक्षिण भाग सोनोरन वाळवंटात मोडतो. राजधानी फिनिक्स येथे वर्षातील सुमारे ३०० दिवस ऊन असते आणि वार्षिक पाऊस २० सेंटिमीटरांच्या आसपासच पडतो. येथे १ किलोवॉट क्षमतेचे सौर पॅनेल वर्षाला साधारणपणे १,६०० ते १,७५० युनिट वीज निर्माण करू शकते. म्हणजे सूर्यप्रकाशाच्या दृष्टीने हे अमेरिकेतील सर्वांत अनुकूल राज्यांपैकी एक ठरते. तथापि ज्या उन्हामुळे वीज मिळते, त्याच उन्हामुळे घर थंड ठेवण्याचा खर्चही वाढतो. पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता साधारण ०.३ ते ०.५ टक्क्यांनी घटते. त्यामुळे कडक उन्हाळ्याच्या भर दुपारी पॅनेल आपल्या नोंदलेल्या क्षमतेइतकी वीज देत नाही. पावसाळी वाऱ्यांच्या काळात येणाऱ्या धुळीच्या वादळांचा थरही पॅनेलवर साचतो.

फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. त्या वर्षी फिनिक्स ज्या परगण्यात आहे त्या मॅरिकोपा परगण्यात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. घराच्या आत दगावलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी थंडाव्याची व्यवस्था नव्हती किंवा असूनही ती बंद होती. २०१८ मध्ये फिनिक्स परिसरातील एका वृद्ध महिलेचा, अवघे ५१ डॉलर थकले म्हणून वीज तोडली गेल्यानंतर, उष्णतेमुळे मृत्यू झाला होता. ही घटना उघडकीस आल्यावर राज्याच्या वीज नियामक मंडळाने २०१९ मध्ये १ जून ते १५ ऑक्टोबर ह्या काळात थकबाकीसाठी घरगुती वीज तोडण्यास मनाई केली. अशा प्रदेशात वातानुकूलन ही चैनीची वस्तू राहत नाही, आणि विजेच्या बिलावरील सवलत हा केवळ काटकसरीचा प्रश्न राहत नाही. ह्या योजनांचा विचार त्या संदर्भातच करावा लागतो.

क्रेडिट, वजावट आणि रिबेट

ह्या विषयात तीन संज्ञांची गल्लत नेहमी होते. वजावट ही करपात्र उत्पन्नातून होते. भारतीय प्राप्तिकर कायद्यातील कलम ८० सीखालील गुंतवणुकीची वजावट हे तिचे परिचित उदाहरण होय. क्रेडिट हे उत्पन्नातून नव्हे, तर हिशेबाअंती निघालेल्या करातून थेट वजा होते. त्यामुळे १,००० डॉलरच्या वजावटीपेक्षा १,००० डॉलरचे क्रेडिट कितीतरी अधिक मोलाचे असते. रिबेटचा प्राप्तिकराशी संबंध नसतो. ते वस्तू घेतानाच किमतीतून कमी होते किंवा नंतर रोख मिळते.

क्रेडिटचेही दोन प्रकार आहेत. देय करापेक्षा क्रेडिट जास्त असल्यास उरलेली रक्कम करदात्याच्या हाती देणारा पहिला प्रकार, आणि देय कर शून्यावर आणून तेथेच थांबणारा दुसरा. संघीय सौर क्रेडिट आणि अ‍ॅरिझोनाचे राज्य क्रेडिट ही दोन्ही दुसऱ्या प्रकारची आहेत.

एका काल्पनिक उदाहरणाने हा फरक स्पष्ट होईल. समजा, २०२४ मध्ये तीन कुटुंबांनी प्रत्येकी २०,००० डॉलर खर्चून सौर यंत्रणा बसवली. ३० टक्के दराने प्रत्येकाचे संघीय क्रेडिट ६,००० डॉलर होते. पहिल्या कुटुंबाचा त्या वर्षीचा संघीय कर ८,००० डॉलर आहे. त्याला पूर्ण ६,००० डॉलरचा लाभ त्याच वर्षी मिळतो. दुसरे जोडपे निवृत्त असून त्यांचा कर ९०० डॉलर आहे. त्यांना त्या वर्षी ९०० डॉलरच मिळतात आणि उरलेले ५,१०० डॉलर पुढील वर्षाच्या करात वळते करण्यासाठी राहतात. तिसऱ्या कुटुंबाचे उत्पन्न इतके कमी आहे की त्याला कर लागतच नाही. त्याने तेवढीच यंत्रणा तेवढ्याच किमतीला घेऊनही त्या वर्षी त्याच्या हाती काहीच येत नाही. १९६० मध्ये सुरू झालेल्या सन सिटीसारख्या निवृत्तांच्या वसाहती ज्या राज्यात आहेत, तेथे हा फरक विशेष जाणवतो.

संघीय सौर क्रेडिटचा इतिहास

सौर ऊर्जेसाठी घरमालकांना करातून मदत देण्याचा अमेरिकेतील पहिला मोठा प्रयत्न १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर झाला. १९७८ च्या ऊर्जा कर कायद्याने घरगुती सौर उपकरणांसाठी क्रेडिट दिले, आणि १९८० मध्ये ते १०,००० डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले. त्या काळी भर मुख्यतः छतावरील सौर बंबांवर होता. १९८५ अखेर हे क्रेडिट संपले आणि त्यावर उभा राहिलेला व्यवसाय झपाट्याने आकुंचन पावला.

दुसरा टप्पा २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने सुरू झाला. २००६ पासून खर्चाच्या ३० टक्के, परंतु कमाल २,००० डॉलर, असे क्रेडिट मिळू लागले. २००८ च्या कायद्याने सौर विजेसाठीची ही कमाल मर्यादा काढून टाकली व मुदत २०१६ पर्यंत नेली. मोठी यंत्रणा सामान्य घरमालकाच्या आवाक्यात येण्यास हा बदल कारणीभूत ठरला. पुढे मुदतवाढ मिळत गेली, पण दर २०२० मध्ये २६ टक्क्यांवर आला.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन ह्यांनी स्वाक्षरी केलेल्या महागाई नियंत्रण कायद्याने दर पुन्हा ३० टक्के केला. हा दर २०३२ पर्यंत राहील, २०३३ मध्ये २६ आणि २०३४ मध्ये २२ टक्के होईल, असे वेळापत्रक त्यात होते. किमान ३ युनिट साठवण क्षमता असलेली बॅटरी, सौर पॅनेलला जोडलेली नसली तरी, २०२३ पासून क्रेडिटला पात्र ठरली.

हे वेळापत्रक पूर्ण झाले नाही. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी स्वाक्षरी केलेल्या कर व खर्चविषयक कायद्याने घरगुती सौर क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी रद्द केले. येथे खर्चाची तारीख म्हणजे पैसे भरल्याची तारीख नव्हे. यंत्रणा बसवून पूर्ण झाल्याची तारीख कायद्याने ग्राह्य धरली आहे. ज्याने २०२५ मध्ये पूर्ण रक्कम भरली, पण ज्याच्या छतावरील काम जानेवारी २०२६ मध्ये पुरे झाले, तो ह्या क्रेडिटला पात्र ठरत नाही.

भाडेकराराने घेतलेल्या यंत्रणेचा प्रश्न वेगळा आहे. त्यात पॅनेलची मालकी कंपनीकडे असते, म्हणून घरमालकाला क्रेडिट कधीच मिळत नसे. ते व्यवसायांसाठीच्या वेगळ्या कलमाखाली कंपनीला मिळते. २०२५ च्या कायद्यानेही सौर विजेसाठीचे हे कलम लगेच बंद केले नाही. ४ जुलै २०२६ पर्यंत काम सुरू झालेल्या किंवा २०२७ अखेरपर्यंत कार्यान्वित होणाऱ्या प्रकल्पांना त्यात वाव ठेवला आहे. परिणामी यंत्रणा विकत घेणाऱ्याचा आधार गेला, पण भाड्याने देणाऱ्या कंपनीचा काही काळ टिकला. घरमालकाला त्यातील किती वाटा कमी भाड्याच्या रूपाने मिळतो, हे कराराच्या अटींवर अवलंबून असते.

घरसुधारणेचे संघीय क्रेडिट

सौर क्रेडिटच्या जोडीने घरातील ऊर्जाबचतीसाठी दुसरे क्रेडिट होते. २०२३ ते २०२५ ह्या वर्षांत उष्णतारोधक थर, खिडक्या, दारे इत्यादींच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला एकूण १,२०० डॉलरपर्यंत मिळत. त्यात खिडक्यांसाठी ६००, दारांसाठी एकूण ५०० आणि तज्ज्ञाकडून घराची ऊर्जातपासणी करून घेण्यासाठी १५० डॉलर अशा पोटमर्यादा होत्या. उष्णता पंपासाठी त्याशिवाय वर्षाला २,००० डॉलरपर्यंत क्रेडिट होते. हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत आणणारे आणि उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकणारे हे एकच यंत्र वाळवंटी हवामानात वातानुकूलन यंत्राची जागा घेऊ शकते. ह्या क्रेडिटमध्ये उरलेली रक्कम पुढील वर्षी वळती करण्याची सोय नव्हती. तेही ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या साधनांसाठी बंद झाले.

संघीय निधीतून मिळणारे रिबेट

कर न भरणाऱ्या कुटुंबांपर्यंत क्रेडिट पोहोचत नाही, ह्या उणिवेवर उपाय म्हणून २०२२ च्या कायद्याने राज्यांमार्फत वाटायच्या रिबेटसाठी ८८० कोटी डॉलरची तरतूद केली. त्यांपैकी ४३० कोटी संपूर्ण घराच्या ऊर्जाबचतीच्या योजनेसाठी आणि ४५० कोटी विद्युत उपकरणांच्या योजनेसाठी होते. दुसऱ्या योजनेतील २२.५ कोटी डॉलर आदिवासी राष्ट्रांसाठी राखून ठेवण्यात आले. अ‍ॅरिझोनाच्या वाट्याला दोन्ही योजना मिळून सुमारे १५.३ कोटी डॉलर आले.

संपूर्ण घराच्या योजनेत बचत जितकी जास्त, तितके रिबेट जास्त असते. उपकरणांच्या योजनेत कायद्याने ठरवलेल्या कमाल रकमा अशा आहेत : उष्णता पंप ८,००० डॉलर, उष्णता पंपावर चालणारा पाण्याचा बंब १,७५० डॉलर, विजेची शेगडी ८४० डॉलर, विद्युत पॅनेल म्हणजे घरातील मुख्य वितरण पेटी बदलणे ४,००० डॉलर, वायरिंग २,५०० डॉलर, आणि उष्णतारोधन व फटी बुजवणे १,६०० डॉलर. एका घराला एकूण १४,००० डॉलरहून अधिक मिळत नाहीत. ज्या कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून कमी आहे त्याचा पूर्ण खर्च, आणि ८० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान आहे त्याचा निम्मा खर्च, ह्या मर्यादांत राहून भागवला जातो. त्याहून अधिक उत्पन्न असलेली कुटुंबे ह्या योजनेत बसत नाहीत.

अ‍ॅरिझोनाने ही योजना २०२४ मध्ये ‘एफिशियन्सी अ‍ॅरिझोना’ ह्या नावाने सुरू केली व प्रारंभी उष्णता पंपावर भर दिला. २०२५ च्या कायद्याने करातील क्रेडिट रद्द झाले असले, तरी हे रिबेट करकायद्याचा भाग नसल्याने त्या तारखेने बांधलेले नाही. निधी शिल्लक असेपर्यंतच ते मिळू शकते आणि मंजुरीपूर्वी केलेला खर्च सहसा ग्राह्य धरला जात नाही. म्हणून आधी अर्ज व नंतर खरेदी हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

अल्प उत्पन्न गटासाठी १९७६ पासून चालू असलेला हवामानरोधन साहाय्य कार्यक्रमही आहे. त्यात उष्णतारोधन, गळती बंद करणे आणि यंत्रांची दुरुस्ती ही कामे विनामूल्य होतात. वृद्ध, अपंग व लहान मुले असलेल्या घरांना त्यात प्राधान्य असते. अल्प उत्पन्न कुटुंबांच्या सौर यंत्रणांसाठी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ७०० कोटी डॉलरच्या ‘सोलर फॉर ऑल’ योजनेतून अ‍ॅरिझोनाला सुमारे १५.६ कोटी डॉलर मंजूर झाले होते. संघीय पर्यावरण संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये ही योजना गुंडाळल्याचे जाहीर केले. त्या निर्णयाला अ‍ॅरिझोनासह अनेक राज्यांनी न्यायालयात आव्हान दिले.

राज्याच्या सवलती

अ‍ॅरिझोनाच्या कायद्यानुसार घरमालकाला सौर उपकरणाच्या खर्चाच्या २५ टक्के, परंतु कमाल १,००० डॉलर, इतके क्रेडिट राज्याच्या प्राप्तिकरातून मिळते. एका घरासाठी ही एकूण मर्यादा आहे. ती दरवर्षी नव्याने मिळत नाही. न वापरलेली रक्कम पुढील पाच वर्षांपर्यंत वळती करता येते. संघीय क्रेडिट बंद झाल्याने ह्या तरतुदीवर आपोआप परिणाम होत नाही.

ह्याखेरीज सौर उपकरणांच्या किरकोळ विक्रीवर राज्याचा विक्रीकर लागत नाही. मालमत्ता कराची आकारणी करताना सौर यंत्रणेमुळे घराच्या मूल्यात भर पडली असे धरले जात नाही. गृहनिर्माण वसाहतींच्या संघांना पॅनेलच्या जागेबाबत वाजवी नियम करता येतात, पण पॅनेल लावण्यास सरसकट मनाई करता येत नाही.

शेजारच्या वाळवंटी राज्यांशी तुलना केल्यास रचनेतील फरक लक्षात येतो. न्यू मेक्सिकोत राज्याचे क्रेडिट खर्चाच्या १० टक्के व कमाल ६,००० डॉलर असून ते कर नसलेल्या कुटुंबालाही रोख परत मिळू शकते. नेवाडात राज्याचा व्यक्तिगत प्राप्तिकरच नाही. त्यामुळे तेथे क्रेडिटचा प्रश्न उद्भवत नाही आणि सारा भर वीज कंपनीच्या दरांवर येतो.

वीज कंपन्यांचे दर

छतावर तयार झालेली वीज घरातच वापरली, तर तेवढी वीज विकत घ्यावी लागत नाही. उरलेली वीज जाळ्यात सोडली, तर तिचा मोबदला काय, ह्यावर यंत्रणेचा खर्च किती वर्षांत वसूल होईल हे मोठ्या प्रमाणात ठरते. अ‍ॅरिझोनात खाजगी वीज कंपन्यांचे दर पाच लोकनियुक्त सदस्यांचे अ‍ॅरिझोना कॉर्पोरेशन कमिशन ठरवते. २००६ मध्ये ह्या मंडळाने २०२५ पर्यंत १५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून मिळवण्याचे बंधन घातले. त्या काळात ग्राहकाने जाळ्यात सोडलेले युनिट आणि घेतलेले युनिट समान मोलाचे मानण्याची नेट मीटरिंगची पद्धत रूढ झाली.

सौर ग्राहक वाढू लागले, तसा तारांचे व उपकेंद्रांचे जाळे राखण्याचा खर्च इतर ग्राहकांवर पडतो, असा आक्षेप वीज कंपन्यांनी घेतला. सौर व्यावसायिकांच्या मते दुपारच्या मागणीच्या वेळी मिळणाऱ्या विजेचे मोल कंपन्या कमी लेखत होत्या. २०१३ मध्ये मंडळाने राज्यातील सर्वांत मोठी खाजगी वीज कंपनी असलेल्या अ‍ॅरिझोना पब्लिक सर्व्हिसच्या नव्या सौर ग्राहकांवर दर किलोवॉटमागे दरमहा ७० सेंट आकार लावण्यास मान्यता दिली. डिसेंबर २०१६ मध्ये नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग बंद करण्याचा निर्णय झाला. त्याऐवजी जाळ्यात सोडलेल्या विजेला स्वतंत्र, कमी दर देण्याची पद्धत आली. ह्याच कंपनीचा तो दर २०१७ मध्ये युनिटमागे १२.९ सेंट होता. नव्या ग्राहकांसाठी तो टप्प्याटप्प्याने उतरत २०२४ मध्ये सात सेंटांखाली आला. एकदा जोडणी झाल्यावर त्या ग्राहकाचा दर दहा वर्षे स्थिर राहतो.

फिनिक्सच्या मोठ्या भागाला वीज पुरवणारी सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट ही संस्था १९०३ मध्ये स्थापन झाली. ती सार्वजनिक स्वरूपाची असल्याने तिचे दर तिचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ ठरवते. तिने २०१५ मध्ये सौर ग्राहकांसाठी महिन्यातील सर्वोच्च वापरावर आधारित आकार लागू केला. त्यामुळे रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या सारख्याच घरांना, वीज पुरवठादार वेगळा असल्यास, सारख्याच पॅनेलपासून वेगवेगळा लाभ होऊ शकतो.

दर वेळेनुसार बदलतात, हाही मुद्दा आहे. अ‍ॅरिझोना पब्लिक सर्व्हिसच्या वेळनिहाय दरपत्रकात कामाच्या दिवशी दुपारी ४ ते ७ ही महाग वेळ आहे. त्या वेळी सूर्य कलतो, पॅनेलचे उत्पादन घटते, पण तापलेल्या घरातील वातानुकूलन जोरात चालू असते. दुपारची वीज साठवून ह्या तीन तासांत वापरणे हा घरगुती बॅटरीचा मुख्य उपयोग होय.

घरमालकांच्या दृष्टीने

ह्या रचनेतून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पॅनेल लावण्यापूर्वी घरातील गळती व उष्णतारोधन सुधारले, तर लहान यंत्रणाही पुरते. उष्णतारोधनाचा लाभ संध्याकाळच्या महाग तासांतही मिळतो. कराराआधी मागील बारा महिन्यांची बिले, स्वतःच्या वीज कंपनीचे चालू दरपत्रक आणि स्वतःचा प्रत्यक्ष देय कर ह्या तीन गोष्टी समोर ठेवणे आवश्यक असते. विक्रेत्याने दाखवलेल्या हिशेबात ३० टक्के संघीय क्रेडिट अजूनही धरलेले असल्यास तो हिशेब २०२६ पासून विकत घेतलेल्या घरगुती यंत्रणेला लागू पडत नाही. दारोदार फिरून केलेल्या बहुतेक विक्रीच्या बाबतीत संघीय नियमानुसार तीन कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करता येतो. दीर्घ मुदतीच्या भाडेकरारात दरवर्षी भाडे किती वाढणार आणि घर विकल्यास कराराचे काय होणार, ही कलमे विशेष महत्त्वाची असतात.

टीका

ह्या योजनांवर दोन बाजूंनी टीका होते. एका मतानुसार करातून दिलेली सवलत सधन घरमालकांकडे अधिक जाते आणि तिचा भार सर्व करदाते उचलतात. दुसऱ्या मतानुसार दोष सवलतीचा नसून तिच्या रूपाचा आहे, आणि ती रोख परत मिळणारी असती, तर अल्प उत्पन्न घरांनाही पोहोचली असती. भाड्याच्या घरात वा फिरत्या घरात राहणारे लोक बहुतेक योजनांच्या बाहेर राहतात, कारण छत त्यांच्या मालकीचे नसते किंवा पॅनेल पेलण्याजोगे नसते. नावाहो राष्ट्राच्या भूभागात हजारो घरांपर्यंत वीजवाहिनीच पोहोचलेली नाही. तेथे जाळ्याशी निगडित सवलतींना अर्थ उरत नाही आणि बॅटरीसह स्वतंत्र सौर यंत्रणा हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. वारंवार बदलणाऱ्या मुदती हा तिसरा आक्षेप आहे. १९८५ आणि २०२५ ह्या दोन्ही वेळी साहाय्य एका ठरावीक तारखेला थांबले, आणि त्या तारखेच्या अलीकडे व पलीकडे असलेल्या घरांसाठी त्याच यंत्रणेची निव्वळ किंमत हजारो डॉलरनी वेगळी झाली.